आमचा भाव स्पॅम नव्हता

मा. केंद्रीय इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्री यांस,

सविनय नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात राहतो. एक लहानसं अ‍ॅप चालवत होतो. जवळच्या बाजार समित्यांतले कापूस-तुरीचे भाव आणि बोंडअळीचा इशारा ते रोज सकाळी सहाला एका मेसेजिंग मंचावरून कास्तकारांना पाठवायचं. फुकट, आणि ज्यांनी स्वतः नाव नोंदवलं त्यांनाच. मागच्या ऑक्टोबरात, ऐन वेचणीत, त्या मंचाने रातोरात माझी जोडणी तोडली. कारण एकच शब्द: स्पॅम.

यंत्राला तसं का वाटलं असेल, ते मला समजतं. एकाच मिनिटाला शेकडो लोकांना अक्षरन् अक्षर सारखा मजकूर आणि खाली लिंक. स्पॅमही असाच दिसतो. पण बाजाराचा भाव माणसागणिक वेगळा कसा लिहायचा? कामगंध सापळ्यात (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणाऱ्या) सलग ३ रात्री ८-८ पतंग सापडले की गुलाबी बोंडअळीची फवारणी लांबवता येत नाही, हेही सगळ्यांना त्याच दिवशी सांगावं लागतं. २०१७ साली या अळीने आमच्या पऱ्हाटीचं काय केलं, ते विदर्भात कुणाला सांगावं लागत नाही.

चूक माझीही होती. मेसेज बंद करायची सोय मी दिली नव्हती. ज्यांना तो नको झाला, त्यांनी ‘रिपोर्ट’ दाबलं असेल. कुणी दाखवून दिलं असतं तर एका दुपारीत दुरुस्त केलं असतं. अपिलाचा इंग्रजी अर्ज भरला, तर काही मिनिटांतच ठरावीक उत्तर आलं: निर्णय कायम. कोणता मेसेज, कोणता नियम, काही नाही. इकडे म्हातारे कास्तकार फोन करून विचारत, “बाबू, भाव काहून नाही आला?” आणि त्याच मंचावर, आमच्याच गावच्या ग्रुपमध्ये, सट्ट्याच्या आणि झटपट कर्जाच्या लिंका येतच होत्या.

स्पॅमवर कडक नियम हवेतच. एसएमएससाठी ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम आहेत: पाठवणाऱ्याची ओळख आणि मजकुराचा साचा आधी नोंदवायचा. किचकट आहे, पण काय चालेल ते आधी कळतं. २०२१ च्या आयटी नियमांनी तक्रारीची पोच २४ तासांत आणि निकाल १५ दिवसांत द्यायला लावला, २०२२ च्या दुरुस्तीने वर अपील समितीची तरतूद केली. पण हे सगळं वापरकर्त्याला डोळ्यांपुढे ठेवून लिहिलंय. अ‍ॅप बनवणाऱ्याची जोडणीच तोडली तर त्याने काय करायचं, ते स्पष्ट नाही.

ते स्पष्ट करा, एवढीच विनंती. उघड फसवणूक असेल तर जोडणी तत्काळ थांबवावी. एरवी आधी आक्षेपार्ह मेसेज आणि मोडलेला नियम लेखी कळवावा, दुरुस्तीला ७ दिवस द्यावेत. आणि मराठी मेसेजवरचं अपील मराठी वाचता येणाऱ्या माणसाने वाचावं.

जानेवारीत नवी तूर बाजारात येईल, त्याआधी हे व्हावं. कुणाला काय, केव्हा पाठवलं याची प्रत्येक नोंद माझ्याकडे आहे. आपल्या मंत्रालयाने मागितली की त्याच दिवशी पाठवतो.

आपला,
राळेगाव तालुक्यातला एक अ‍ॅप बनवणारा