टॉर्चच्या उजेडात घसा दिसत नाही, मंत्रिमहोदय

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

आमच्या सिव्हिलच्या कान-नाक-घसा विभागाला घसा आतून बघायची लवचिक दुर्बीण मिळणार, असं मागच्या अर्थसंकल्पानंतर सांगितलं होतं. पुढचा अर्थसंकल्पही झाला, दुर्बीण आली नाही. कॅन्सर तपासणी शिबिरांची कार्डं मात्र येतच आहेत. परवाच्या कार्डावर होतं, 'तपासणी केली, कॅन्सरची लक्षणे नाहीत.' ते दाखवणाऱ्या माणसाच्या मानेत लिंबाएवढी गाठ होती.

शिबिरातल्या सिस्टरांना दोष देऊ नका. 2016 च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तीस ते पासष्ट वयाच्या प्रत्येकाचं तोंड पाच वर्षांतून एकदा, डोळ्यांनी बघायचं असतं. टॉर्चने गाल, हिरड्या, जिभेच्या कडा दिसतात. जिभेचं मूळ, स्वरयंत्र आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे खोलगट कप्पे, म्हणजे पायरिफॉर्म सायनस, कितीही 'आ' केला तरी दिसत नाहीत. त्या कप्प्यातला कॅन्सर बराच काळ मुका असतो. पुष्कळदा पहिली खूण म्हणजे मानेतली गाठ, नाहीतर एकाच बाजूची कानदुखी. कानाचा पडदा स्वच्छ असतो, कारण दुखणं घशातलं, नसेच्या वाटेने कानात आलेलं. मग कानात थेंब, ॲसिडिटीच्या गोळ्या, अँटिबायोटिकचे कोर्स. गाठीतून सुईने नमुना न घेताच टीबीची औषधं सुरू होतात. त्याहून वाईट म्हणजे घसा न बघता गाठच कापून काढतात आणि पुढच्या ऑपरेशनची जागा खराब करून ठेवतात.

आशाताई घरोघरी भरून घेतात त्या सीबॅक फॉर्ममध्ये, म्हणजे आजारांच्या प्रश्नावलीत, 'आवाजात बदल झाला आहे का' हा प्रश्न आहे. उत्तर 'हो' आलं की उपकेंद्रात पुन्हा टॉर्चच. स्वरतंतू टॉर्चने दिसत नाहीत. मग विचारता कशाला?

तपासणी अवघड नाही. नाक मोकळं करायला झायलोमेटॅझोलिनचे थेंब, लिग्नोकेनने बधिर करणं, थोडं थांबणं, आणि तीन-चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण नाकातून खाली. रुग्णाला जीभ बाहेर काढायला लावायची, 'ई' म्हणायला लावायचं आणि ओठ मिटून गाल फुगवायला सांगायचं. ही शेवटची पायरी गर्दीत हमखास राहून जाते, आणि मिटलेले कप्पे उघडतात ते तिच्यामुळेच. एका बाजूला लाळ साचलेली दिसली किंवा एक स्वरतंतू हलत नसला, तर रुग्णाला घरी पाठवायचं नाही. पूर्ण भूल लागत नाही, पाचेक मिनिटं पुरतात.

वेळ जातो तो धुण्यात. प्रत्येक रुग्णानंतर गळती तपासा, एन्झाइमने धुवा, 2 टक्के ग्लुटाराल्डिहाइडमध्ये 20 मिनिटं बुडवा, मग स्वच्छ पाण्याने धुवा. म्हणजे एकच दुर्बीण दिलीत तर अख्खी ओपीडी त्या धुण्याच्या ट्रेपाशी अडकते. फायबरची दुर्बीण जोरात वाकली की आतले तंतू तुटतात, चित्रात काळे ठिपके येतात. दुरुस्तीचा करार नसला की ती कपाटात जाते ती कायमची.

महात्मा फुले योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनला, रेडिएशनला पैसे आहेत, ओपीडीतल्या या पाच मिनिटांना नाहीत. स्वरयंत्राचा कॅन्सर लवकर सापडला तर रेडिएशनने किंवा लेझरने आवाज वाचतो. उशीर झाला तर स्वरयंत्रच काढावं लागतं आणि माणूस उरलेलं आयुष्य गळ्याच्या छिद्रातून श्वास घेतो. तुमच्या अहवालात किती तोंडं तपासली हे येतं. रुग्ण कोणत्या स्टेजला सापडले, हे कुणी विचारत नाही. गुटख्यावर 2012 पासून बंदी आहे आणि पुडी आमच्या फाटकाबाहेर मिळते. हे खातं आकडे भरण्यासाठी चालतं की माणसांसाठी, याचं उत्तर आम्हाला हवं आहे.

तीन आठवड्यांहून जास्त बसलेला आवाज, घास अडकणं, एकाच कानाची दुखी, मानेतली गाठ, यातलं काहीही असेल तर दोन आठवड्यांच्या आत दुर्बिणीने घसा बघितला गेलाच पाहिजे. प्रत्येक सिव्हिलला दोन दुर्बिणी द्या, दुरुस्तीच्या करारासकट. आणि शिबिराच्या कार्डावर आजपासून छापा, 'फक्त तोंड पाहिले, घसा पाहिलेला नाही.' त्याला निविदा लागत नाही, एक परिपत्रक पुरतं.

आपला,
जिल्हा रुग्णालयातील एक कान-नाक-घसा तज्ज्ञ