दाताला जिना कळत नाही

पुणे, रविवार रात्र

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, मी ठीक आहे. हे सगळं फोनवर सांगायचा तीनदा प्रयत्न केला. चाळीस वर्षं मागांच्या खडखडाटात काढल्यामुळे बाबांना फोनवरचं निम्मं ऐकू येत नाही, आणि आई, तू "बरं बरं, जेवलीस का?" म्हणून विषय गुंडाळतेस. म्हणून लिहून पाठवतेय. बाबा, मोठ्यानं वाचा. आई, तू शेंगा निवडत ऐक, पण मध्येच उठून आत जायचं नाही.

गोष्ट तुझ्या दाताची आहे.

गड्ड्याच्या जत्रेला मी सोलापूरला आले होते, त्या रात्री अडीचला नळ आला. तू कळशी घेऊन गच्चीकडे निघालीस आणि बाराव्या पायरीवर थांबलीस. कळशी कठड्याला टेकवलीस, एक हात डाव्या जबड्यावर. छातीवर नव्हे, जबड्यावर. मी खालून विचारलं, "दाढ तर काढली ना गं?" तू म्हणालीस, "मुळी राहिली असंल आत." दोन मिनिटांत ठणका थांबला, तू वर गेलीस आणि मी परत अंथरुणात शिरले. रोज कॅथलॅबमध्ये, म्हणजे हृदयाच्या वाहिन्या तपासायच्या खोलीत, उभी राहणारी तुझी लेक, पण त्या वेळी माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. त्याचं मला अजून वाईट वाटतं.

गेल्या आठवड्यात आमच्या टेबलावर तुझ्याच वयाच्या एक बाई होत्या. म्हणाल्या, "चपात्या लाटायला लागले की जबडा धरतो, लाटणं ठेवलं की सुटतो." पडद्यावर त्यांच्या हृदयाची एक वाहिनी मध्येच दोऱ्याएवढी बारीक झालेली दिसली. तेव्हा मला आपला जिना आठवला. त्याच रात्री तुला फोन करून खोदून खोदून विचारलं, तर तू सहज म्हणालीस, की चटणी कुटतानाही तसंच होतं, हात भरून येतो, मुसळ ठेवलं की बरं वाटतं.

आई, दाताला जिना कळत नाही. दात दुखायचा तर गार पाण्यानं दुखेल, रात्री झोपेतून उठवेल, बसल्या जागी ठणकेल. श्रम केले की सुरू होणारं आणि थांबलं की दोन-पाच मिनिटांत जाणारं दुखणं दाताचं नसतं. एक चांगली दाढ उगाच गेली. ज्यांनी काढली त्यांच्यावर मी चिडलेय, पण तूही त्यांना जिन्याचं सांगितलं नव्हतंस.

मग जबड्यात कसं दुखतं? हृदयाला स्वतःचा पत्ता नीट सांगता येत नाही. त्याच्याकडून येणाऱ्या नसा आणि हात, खांदा, मान, जबडा इकडून येणाऱ्या नसा आत जाऊन जवळजवळच मिळतात, त्यामुळे मेंदूची गल्ली चुकते. त्यात तुला बारा वर्षं साखर आहे. साखरेनं नसा बोथट होतात, कळ कमी जाणवते, कधी नुसता दम लागतो, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. बायकांमध्ये असं जास्त दिसतं. छाती धरून कोसळणारा माणूसच हृदयाचा रोगी, हे आपण सिनेमात बघून शिकलोय.

आता बाबा, तुमच्याकडे वळते. तुम्ही तो ईसीजीचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवलाय आणि येईल त्याला दाखवताय, "नॉर्मल आहे की!" कागद खोटा नाही. पण तो काढला कधी? आई दवाखान्यात पाठीवर निवांत पडली असताना. ती नोंद फक्त 10 सेकंदांची असते. आणि त्या 10 सेकंदांत आई जिना चढत नव्हती.

तुम्हीच सांगा, बंद मागाकडे बघून खोट ओळखणारा जॉबर कधी पाहिलाय? तुम्ही कारखान्यात शिरलात की पहिलं वाक्य, "चालू कर, मग बघतो." माग चालू झाला की कान त्याच्याकडे करून उभे राहायचात आणि धोटा कुठे घासतोय ते आवाजावरून सांगायचात. आईच्या हृदयाचंही तसंच आहे. ते धावताना बघायला हवं.

यंत्र तुम्हाला कळतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. हृदय साधारण आपल्या मुठीएवढं असतं. छातीच्या मधल्या हाडामागे असतं, टोक डावीकडे झुकलेलं. (आपण त्याला काळीज म्हणतो, पण मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. एवढ्या मोठ्या भाषेत दोघांना एकच शब्द पुरवलाय.) आत चार खोल्या. वरच्या दोन पातळ भिंतींच्या, रक्त गोळा करणाऱ्या. खालच्या दोन जाड भिंतींच्या, रक्त ढकलणाऱ्या. उजवी बाजू शरीरातलं वापरलेलं रक्त फुप्फुसांकडे पाठवते, डावी बाजू तिथून ताजं होऊन आलेलं रक्त डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत पोचवते. म्हणून डावीकडची खालची भिंत सगळ्यांत जाड. चार झडपा असतात, रक्त पुढे जाऊ द्यायला आणि मागे न येऊ द्यायला. डॉक्टर नळी लावून जे लब-डब ऐकतात, तो त्या झडपा मिटण्याचा आवाज.

आणि वेळेचं गणित तर हुबेहूब मागासारखं. ताण्याचे धागे वर-खाली होऊन वाट उघडते, मग धोटा सुटतो, मग फणी ठोका देते. क्रम चुकला तर धोटा आत अडकून धागेच तोडतो. हृदयात वर उजवीकडे पेशींचा एक पुंजका आहे, तो मिनिटाला 70-72 वेळा विजेचा इशारा देतो. आधी वरच्या खोल्या आवळतात. मग तो इशारा मध्ये सेकंदाचा दहावा भाग थांबवला जातो, कारण खालच्या खोल्या भरायला वेळ लागतो. मगच खालच्या आवळतात. ईसीजीच्या कागदावर पहिला छोटा उंचवटा वरच्या खोल्यांचा, मग ती सपाट जागा म्हणजे थांबा, आणि उंच टोकदार सुळका खालच्या खोल्यांचा. तुमचा तो पिशवीतला कागद काढून बघा, सापडेल. हे यंत्र शोधणारा आइंटहोवेन नावाचा डच माणूस रोग्यांचे हात-पाय मिठाच्या पाण्याच्या बादल्यांत बुडवून नोंद घ्यायचा. 1924 साली त्याला नोबेल मिळालं. आई, तुला बादल्यांत बसवणार नाहीत, काळजी करू नकोस.

एका ठोक्याला साधारण 70 मिलिलिटर रक्त बाहेर पडतं. मिनिटाला 5 लिटर, दिवसाला सात हजारांच्या वर. आपल्या गच्चीवरची हजार लिटरची टाकी रोज सातदा भरायची, तीही नळ चार दिवसांआड न येता.

एवढं रक्त आतून जातं, पण हृदय त्यातलं परस्पर पीत नाही. टँकरवाल्याच्या घरीही पाणी नळानंच येतं, तसं. महारोहिणी, म्हणजे डावीकडून निघणारी मोठी वाहिनी, तिच्या बुडाशी दोन बारीक फांद्या फुटतात आणि हृदयाच्या अंगावरून पसरतात. सुरुवातीला तीन-चार मिलिमीटर जाडीच्या. हृदयाचं पोट भरतं ते त्यांच्यावर, आणि डाव्या बाजूला तरी ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, कारण आवळलेलं असताना त्या दाबल्या जातात.

आता बाराव्या पायरीचा हिशेब बघा. बसलेलं असताना एका ठोक्याला 0.8 सेकंद लागतात, त्यातले सुमारे 0.5 विश्रांतीचे. कळशी घेऊन चढताना ठोके वाढतात, आणि वेळ कापला जातो तो मुख्यतः विश्रांतीतलाच. काम वाढवून जेवणाची सुट्टी कापणाऱ्या मालकासारखं. वाहिनी मोकळी असेल तर ती रुंदावते आणि भागतं. आतून चरबी साठून ती सत्तर टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली, तर बसून राहिलेल्या माणसाला पुरतं, चढणाऱ्याला पुरत नाही. कळ उठते. थांबलं की परत पुरायला लागतं, कळ जाते. म्हणून आईला कळ येते आणि तुमचा कागद तरीही नॉर्मल असतो. यात कुणी खोटं बोलत नाही.

आता तपासण्या. आधी टू-डी एको. आवाजाच्या लहरींनी हृदय हलताना दिसतं, सुई नाही, काही नाही. झडपा कशा आहेत, कुठली भिंत आळशी झालीय का, ते कळतं. त्यात ईएफ म्हणून एक आकडा येतो. बाबा, गेल्या वर्षी शेजारच्या काकांचा 60 आला, तेव्हा तुम्ही कट्ट्यावर सांगत होतात, "चाळीस टक्के हृदय गेलं बिचाऱ्याचं." ही परीक्षेची टक्केवारी नव्हे. भरलेल्या खोलीतलं किती रक्त एका ठोक्याला बाहेर गेलं, त्याचं ते प्रमाण आहे. कुणाचंच 100 नसतं. 55 ते 70 म्हणजे उत्तम. काकांना एकदा सांगून टाका, ते अजून घाबरलेले असतील.

मग टीएमटी, म्हणजे चालता ईसीजी. पट्ट्यावर चालायचं, दर 3 मिनिटांनी वेग आणि चढ वाढतो. हाच तो तुमचा "चालू कर, मग बघतो". 220 मधून वय वजा करून त्याच्या 85 टक्क्यांपर्यंत ठोके न्यायचे. आईच्या 63 व्या वर्षी साधारण 133. पण तिचे गुडघे तेवढं चालू देतील असं मला वाटत नाही. तर औषध देऊन हृदय पळवून एको करतात, किंवा सीटी अँजिओ, म्हणजे स्कॅनमध्ये वाहिन्या बघतात. किंवा साखर आणि लक्षणं बघून डॉक्टर थेट अँजिओग्राफीच सांगतील. तो निर्णय त्यांचा. मी टेक्निशियन आहे, डॉक्टर नाही.

अँजिओग्राफी म्हटलं की आई, तू म्हणशील, "काळजात नळी घालतात? नको गं बाई." म्हणून माझ्या खोलीत काय होतं ते सांगते. बहुतेक वेळा मनगटातूनच करतात. तेवढीच जागा बधिर करतात, तू जागी असतेस. अंगावर निळा कपडा, वर फिरणारं एक्सरेचं यंत्र. दोन मिलिमीटर जाडीची लवचिक नळी त्या वाहिन्यांच्या तोंडापर्यंत नेतात आणि रंगद्रव्य सोडतात. क्षणभर अंगात ऊब फिरल्यासारखी वाटते. पडद्यावर वाहिन्या काळ्या फांद्यांसारख्या उमटतात. नुसतं बघायचं असेल तर बहुतेकदा अर्ध्या तासाचं काम. खोलीत गारठा फार असतो, त्याचीच तक्रार सगळे करतात. त्याआधी रक्तातलं क्रिएटिनिन तपासतात, त्यावरून मूत्रपिंडाचं काम कळतं, कारण रंगद्रव्य मूत्रपिंडातून बाहेर पडतं. तुझ्या साखरेच्या गोळ्यांची सगळी नावं सांग, त्यातली एखादी काही दिवस थांबवायला सांगतील.

अशी नळी माणसाच्या हृदयात घालून दाखवली ती फोर्समन नावाच्या तरुण जर्मन डॉक्टरनं, 1929 मध्ये, स्वतःच्याच हातातून. वरिष्ठांनी नको म्हटलं होतं. नळी हातात तशीच ठेवून तो जिना उतरून एक्सरेच्या खोलीत गेला आणि फोटो काढून घेतला. त्यालाही 1956 साली नोबेल मिळालं. वेडाच होता, पण त्याच्या जोरावर माझं पोट चालतंय.

पैशाचं आत्ताच मनात आणू नका. फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी, म्हणजे अरुंद वाहिनी फुग्यानं रुंद करणं, बसते. रेशनकार्ड आणि आधार एका पिशवीत काढून ठेवा, त्या ईसीजीसकट. स्टेंटच्या, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणाऱ्या जाळीच्या, किमतींवरही सरकारनं 2017 पासून मर्यादा घातलीय. आणि या तपासण्यांसाठी पुण्याला यायची गरज नाही, सोलापुरात सगळं होतं.

एक गोष्ट मात्र बाबा, दोनदा वाचा. कळ बसल्या जागी आली, दहा-पंधरा मिनिटांत थांबली नाही, घाम फुटला, तर पित्ताची गोळी, ओवा, हिंग काही नाही. 108 ला फोन. स्कूटरवर मागे बसवून न्यायचं नाही. दवाखान्यात पहिला ईसीजी आणि ट्रोपोनिनची रक्ततपासणी नॉर्मल आली तरी लगेच घरी यायचं नाही. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की ट्रोपोनिन रक्तात उतरतं, पण त्याला काही तास लागतात. म्हणून दुसऱ्यांदा तपासतात. थांबा म्हणतील तोवर थांबा.

शुक्रवारी संध्याकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं निघते. शनिवारी सकाळची वेळ घेतलीय, मी बरोबर असेन. तोवर पाणी बाबा वर नेतील, अर्धी कळशी, हळूहळू. त्यांना ऐकू कमी येतं, चढता येतं.

आणि आई, चटणीची ऑर्डर आहे म्हणालीस. कुटून ठेवू नकोस. शेंगा भाजून, सोलून डब्यात ठेव. मुसळ मी धरते. तू पाटावर बसून लसूण किती, तिखट किती ते सांग, आणि मी चुकले की ओरड.

तुमची,
पिंकी