सगळ्या लाल एकत्र, सगळ्या काळ्या एकत्र

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

घरच्या घरी दिवा कसा बदलायचा हे सगळेच सांगतात, पण बदलल्यावर तो नीट चालला नाही तर चूक कुठे शोधायची ते कुणी सांगत नाही, म्हणून हे लिहितोय.

मी छतावरचा जुना दिवा काढून नवीन एलईडी बसवायला घेतला, वाटलं दोन वायरी सोडायच्या, दोन जोडायच्या, झालं. खाली घेतला तर वर तीन लाल आणि तीन काळ्या, आणि मी फोटो न काढताच सगळ्या सोडवून बसलेलो. मग सगळ्या लाल एकत्र पिळल्या, सगळ्या काळ्या एकत्र पिळल्या, मधे दिवा जोडला. एमसीबी (बिघाड झाला की आपोआप खाली पडणारा मेनचा स्विच) वर केला तर बटण बंद असतानाच दिवा लागला, आणि बटण दाबलं की एमसीबी धाडकन खाली. दिवाच खराब आलाय असं समजून तो बदलूनही आणला, तरी तेच!

शेवटी एका जुन्या वायरमनने समजावलं. काही घरांत फेज (करंट आणणारी वायर) आधी छतात येते, तिथून एक जोडी पुढच्या दिव्याकडे जाते आणि एक जोडी खाली बटणाकडे. बटणाच्या जोडीतली लाल फेज खाली नेते आणि काळी तीच फेज परत वर आणते, म्हणजे ती रंगाने काळी असली तरी न्यूट्रल (दिव्यातून करंट मेनकडे परत नेणारी वायर) नाही, रिटर्न आहे. मी तिला न्यूट्रलमधे बांधलेली, मग बटण दाबल्यावर फेज सरळ न्यूट्रलला भिडणार आणि शॉर्ट होणारच. तीन लाल एकमेकींना जोडून तशाच ठेवायच्या, दिव्याला त्यातली एकही जात नाही, दिव्याला जातात ती रिटर्न आणि उरलेल्या दोन काळ्यांचा न्यूट्रल.

रिटर्न ओळखायची कशी? मेन बंद करून, करंट नाही याची खात्री करून, सगळ्या वायरी सुट्या करायच्या आणि मल्टीमीटर बझरवर ठेवून एकेक जोडी तपासायची. ज्या जोडीवर बटण चालू केलं की बझर वाजतो आणि बंद केलं की थांबतो ती बटणाची. निऑनच्या टेस्टरवर मात्र विसंबू नका, तो शेजारच्या वायरीमुळे आलेल्या खोट्या व्होल्टेजवरपण मिणमिणतो. आणि कृपा करून नुसतं बटण बंद करून वर हात घालू नका, अशा वायरिंगमधे छतात फेज कायम असते, ह्या एका गोष्टीसाठी तरी हे पत्र छापाच.

बाकीच्या चुकापण लक्षणांवरून कळतात. नवीन दिवा लागला पण पुढच्या खोलीतला गेला तर पुढे जाणारी फेज किंवा न्यूट्रल जोडायची राहिलीय. बंद केल्यावरही एलईडी मंद जळत राहिला तर बटण फेजऐवजी न्यूट्रलवर असू शकतं, तसं असेल तर दिवा विझला तरी होल्डरमधे करंट असतो (बटणातल्या इंडिकेटरमुळेपण असं होतं, आधी ते बघा). जिन्यातला दोन बटणांचा दिवा एका बटणाच्या एकाच पोझिशनला चालत असेल तर कॉमनची (बटणाच्या दोन्ही पोझिशनला सामाईक असलेली) वायर चुकीच्या स्क्रूखाली गेलीय. एमसीबी न पडता आरसीसीबी (करंटची गळती झाली की पडणारा स्विच) पडत असेल तर न्यूट्रल कुठेतरी अर्थला लागलाय किंवा दुसऱ्या सर्किटचा न्यूट्रल घेतलाय. आणि दिव्याची बॉडी धातूची असेल तर हिरवी (अर्थची) वायर टेप लावून सोडून देऊ नका, ती बॉडीलाच लावा, आत फेज सुटून बॉडीला टेकली तर वाचवणारी तीच आहे.

एमसीबी परत परत वर करून बघायचा हट्ट मीही केला, तो करू नये, आधी चूक शोधावी आणि सापडली नाही तर वायरमनला बोलवावं. माझ्याकडे आता त्या काळ्या रिटर्नच्या टोकाला लाल टेप गुंडाळलीय, उद्या दुसऱ्या कुणी दिवा उघडला तर त्याला बघताच कळेल.

आपला,
एक वाचक