मृगाआधी बंगल्यावर कौलं चढवायची आहेत

सप्रेम नमस्कार.

सोलापूर स्टेशनाजवळचा तो जुना दगडी बंगला रिक्षातून येता-जाता आपण पाहिला असेल. गेल्या वर्षी परतीच्या पावसात त्याच्या मागच्या खोलीचं छत खचलं. वाशांना वाळवी लागली आहे. घरमालकांनी दुरुस्तीला लेखी संमती दिली आहे आणि पुढच्या दोन खोल्या आपल्या रेल्वेच्या इतिहासाच्या संग्रहासाठी मोकळ्या करून दिल्या आहेत. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे.

या बंगल्याच्या व्हरांड्याची तुळई लाकडाची नाही, चक्क रूळ आहे. स्टुलावर चढून हात फिरवला की गंजाखालची उठावाची अक्षरं बोटांना लागतात.

मोहोळहून सोलापूरपर्यंत जी.आय.पी.ची (ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेची) गाडी १८६० साली आली, पण बोरघाटातला मार्ग पुरा व्हायला १८६३ उजाडलं. तोवर मुंबईला निघालेला सोलापूरकर खंडाळ्याला उतरायचा, पालखीत नाहीतर तट्टावर बसून घाट उतरायचा आणि खाली पुन्हा गाडी धरायचा. पुढे १८७१ मध्ये रायचूरला मद्रासकडची लाइन जोडली गेली, तोवर तर इथलं टोकाचं स्टेशन वाटेवरचं झालं होतं. सोलापुरातली ‘जुनी गिरणी’ ही कापडगिरणी १८७७ची. गिरण्यांची यंत्रं आणि कापसाच्या गासड्या याच स्टेशनातून गेल्या-आल्या. शाळेच्या पुस्तकात यातलं फारसं येत नाही, म्हणून हा संग्रह.

छतासाठी सागवानी वासे, मजुरी आणि कौलं लागतील. रोख मदत कितीही चालेल. पावती लगेच मिळेल आणि जमाखर्च दर महिन्याला व्हरांड्यातल्या फळ्यावर लावू. घर पाडताना काढलेली जुनी मंगलोरी कौलं पडून असतील तर फेकू नका. नव्या कौलाची खाच जुन्यात बसत नाही.

आणि कागद द्या. पुठ्ठ्याची तिकिटं, पास, नेमणुकीची पत्रं, गार्डाचा कंदील, लग्नाच्या वऱ्हाडाचा फलाटावरचा फोटो. पत्र तेलुगू, कन्नड, उर्दूत असलं तरी हवंच आहे. मूळ कागद हातचा सोडवत नसेल तर स्कॅन करून त्याच दिवशी परत देऊ. घरात रेल्वेतून निवृत्त झालेले आजोबा किंवा त्यांचा डबा पोचवणाऱ्या आजी असतील तर आम्हाला बोलवा, आठवणी रेकॉर्ड करून घेऊ. हे काम छताइतकंच घाईचं आहे.

दर रविवारी सकाळी आठ ते अकरा आम्ही बंगल्यावर असतो. कौलं पोत्यात भरून आणलीत तर उतरवून घ्यायला पोरं आहेत.

आपले,
समितीचे कार्यकर्ते