पाणवठे किती बांधले ते नको, मे महिन्यात किती भरलेले होते ते विचारा

प्रति,
मा. वनमंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई

विषय : पश्चिम विदर्भातील डोंगराळ जंगलांत वन्यप्राण्यांसाठी उन्हाळ्यातील पाण्याची सोय

महोदय,
स. न. वि. वि.

मेळघाटची गाविलगड रांग असो की बुलढाण्याकडचे ज्ञानगंगा आणि अंबाबरवा, इथल्या डोंगरांवर पाऊस पडत नाही असे नाही. चिखलदऱ्याला तो हजार मिलिमीटरच्या पुढे जातो. पण खाली काळा कातळ, वर वीतभर माती आणि अंगावर येणारा उतार. चार महिन्यांत पडलेले पाणी बघता बघता तापी-पूर्णेकडे निघून जाते. एप्रिल लागला की सिपना, खापरा, खंडूची धार तुटते आणि डोह उरतात. वरच्या नाल्यांत तेही नसतात. जून मध्यापर्यंतचे शेवटचे सत्तर-ऐंशी दिवस जनावरांना काढायचे असतात, आणि आमचे सारे म्हणणे या दिवसांबद्दलच आहे.

आपल्याकडे दरवर्षी जो अहवाल येतो त्यात नवीन पाणवठे किती बांधले, जुने किती दुरुस्त केले, टँकरच्या फेऱ्या किती झाल्या हे असते. २० मे रोजी त्यांपैकी किती पाणवठ्यांत पाणी होते, हा रकाना त्यात नसतो. बांधकामाची मोजणी होते म्हणून बांधकाम होते. पाण्याची मोजणी होऊ लागली तर पाणीही राहील, एवढीच आमची मागणी आहे. पुढचे सगळे ते कसे जमेल याबद्दल आहे.

पहिला खर्च नवीन बांधकामावर नको, जुन्या झिऱ्यांवर हवा. प्रत्येक बीटमध्ये वनरक्षकाला आणि गावातल्या गुराख्याला ठाऊक असलेले दोन-चार झिरे आणि डोह असतात. ते गाळाने आणि सागाच्या पानांनी बुजतात. ते फेब्रुवारीत मोकळे केले तर कातळाच्या भेगेतून पाझरणारे पाणी मे अखेरपर्यंत टिकते. मात्र हे काम फावड्या-घमेल्याने करायचे असते. जेसीबी लावला की दात खालच्या चिकण थरात घुसतात, तळ फुटतो आणि वर्षानुवर्षे पाणी धरलेला डोह महिनाभरात कोरडा पडतो. एकदा फुटलेला तळ पुन्हा नीट बसवणे फार अवघड. म्हणून डोहाच्या कामाचे अंदाजपत्रक मजुरीचेच असावे, यंत्राच्या तासांचे नको. त्याच नाल्यांवर ऑक्टोबरच्या शेवटी, धार बारीक झाली की, वनराई बंधारे घालावेत : सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत नाल्यातलीच रेती-माती भरून, विटांसारखे सांधे चुकवून रचायच्या आणि पाण्याच्या बाजूने मातीचा थर दाबायचा. हे बंधारे जानेवारी-फेब्रुवारीपर्यंतच पाणी धरतात, पण तेवढ्यात आजूबाजूचे झिरे भरून घेतात.

आता सिमेंटच्या बशीबद्दल, म्हणजे जंगलात बांधतात त्या बशीच्या आकाराच्या उथळ पाणवठ्याबद्दल. तीन मीटर व्यासाची आणि मधोमध दीड फूट खोल बशी भरली की दीड हजार लिटरच्या आसपास पाणी बसते. मे महिन्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला सेंटिमीटरभर उन्हानेच उतरते, म्हणजे सात चौरस मीटरच्या बशीतून रोज सत्तर लिटर हवेत जातात. त्यात बारीक तडा असेल तर तेवढेच जमिनीतही जिरते आणि जनावरांचे पिणे धरून आठवड्याच्या टँकरवर चालणारी बशी पाचव्या दिवशी चिखल दाखवते. बशीला तडे का जातात? निधी मार्चमध्ये येतो, काम मार्चअखेर उरकायचे असते. चाळीस अंशांच्या उन्हात ओतलेल्या काँक्रीटला किमान दोन, शक्यतो तीन आठवडे ओले ठेवावे लागते, आणि जिथे जनावरांनाच पाणी नाही तिथे काँक्रीटवर शिंपायला पाणी कुठून आणणार? हेच काम नोव्हेंबरात झाले तर शेजारच्या नाल्यातले पाणी पुरते. खाली अर्धा फूट दगडांची सोलिंग, त्यावर सळईची जाळी घालून चार इंच काँक्रीट, कड जमिनीच्या पातळीत आणि उतार सगळ्या बाजूंनी खडबडीत. गुळगुळीत घोटाई केलेली बशी फोटोत छान दिसते, पण हरणाचे खूर तिच्यावर घसरतात.

सौर पंप जिथे चालतात तिथे ते टँकरपेक्षा केव्हाही बरे. पण बोअर घेताना मे महिन्यातली पातळी पाहिलेली नसते, त्यामुळे एप्रिलमध्ये पंप कोरडा फिरून जळतो. कोरडे पडताच पंप आपोआप बंद करणारे साधन प्रत्येक जोडणीत सक्तीचे करावे. उघडी नळी साळिंदर कुरतडते, उथळ पुरलेली नळी रानडुक्कर उकरते, म्हणून ती दोन फूट खाली हवी आणि वर दगड हवेत.

सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे तो वरचे उतार आणि पठारांच्या कडा. तिथे टँकर चढत नाही, बोअरला पाणी लागत नाही, आणि नेमका तिथेच चौसिंगा असतो. एकट्याने किंवा जोडीने राहणारा हा छोटा प्राणी गवताळ उतार धरून राहतो आणि पाण्यापासून फार लांब जात नाही. झिरा आटला की त्याला दरीत उतरावे लागते, जिथे बिबट आणि रानकुत्री आधीच पाण्याभोवती असतात. अशा जागी आम्ही पावसाच्या टाकीचा आग्रह धरतो. अमेरिकेत नेवाडा आणि ॲरिझोनाच्या वाळवंटी डोंगरांत रानमेंढ्यांसाठी अशा टाक्या वापरात आहेत. तिथे पाऊस आपल्या पाव हिश्श्याइतकाही नसतो, तरी चालतात. पाणी दिल्याने मेंढ्यांची संख्या वाढतेच का, यावर तिथल्या अभ्यासकांत वाद आहे आणि तो आपण लक्षात ठेवावा. चारा आणि आडोसा नसेल तर नुसत्या पाण्याने काही होत नाही.

टाकीचे गणित साधे आहे. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. उघड्या कातळाचा १०० चौरस मीटरचा उतार निवडून खालच्या अंगाला इंग्रजी व्ही अक्षरासारखा फूटभर उंचीचा बांध घातला, तर ३०० मिलिमीटर पावसात गळती धरूनही २० हजार लिटरची टाकी भरते. म्हणजे ती जुलैतच भरते, पुढचे पाणी सांडव्याने वाहून जाते. टाकीआधी एक मीटर लांब-रुंद गाळकुंडी आणि तिच्या तोंडावर जाळी हवीच, नाहीतर सागाची पाने पहिल्याच वर्षी नळी चोंदवतात. टाकी ५ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि एकच मीटर खोल, जमिनीत गाडलेली आणि वरून झाकलेली. शेजारी त्याच तळपातळीवर एक मीटर रुंद आणि चार मीटर लांब उतरता पाणवठा, वर टिनाचे किंवा कुडाचे छप्पर. दोन्ही तळातून एका नळीने जोडले की टाकीत जेवढी पातळी तेवढीच बाहेर राहते. बॉल व्हॉल्व्ह लागत नाही, म्हणजे सतत हलून मोडणारा भागच राहत नाही. पाणी उतरेल तसे जनावर उतारावरून दोन पावले पुढे जाते. मधला साधा व्हॉल्व्ह महाशिवरात्रीपर्यंत बंद ठेवायचा, कारण तोवर नाले चालू असतात.

मार्चपासून जून मध्यापर्यंत १०५ दिवस धरले तर रोज १९० लिटर मिळतात. चौसिंगा, भेकर, मोर, ससे यांना ते भरपूर झाले. गावातली गाय उन्हाळ्यात दिवसाला ४० ते ५० लिटर पिते आणि गवा तिच्याहून कितीतरी मोठा. गव्यांचा कळप रोज येऊ लागला तर ही टाकी तीन आठवड्यांतही संपेल. म्हणून गव्यांसाठीचे मोठे पाणी खाली नाल्यात ठेवावे आणि टाकी अवघड चढावर, दगडांच्या आडोशाने अरुंद वाट ठेवून बांधावी. हा भेद न करता एकच नकाशा सगळीकडे छापला जातो, तिथे पैसा वाया जातो.

उभ्या भिंतीची टाकी मात्र कुठेही बांधू नये. १९९५ साली कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात अशाच एका पाणवठ्यात रानमेंढ्यांची कोकरे पडून बुडाली, कुजली, आणि त्या पाण्यात तयार झालेल्या बॉट्युलिझमच्या (कुजक्या मांसात वाढणाऱ्या जंतूंच्या) विषाने इतर मेंढ्या दगावल्या, मिळून चाळीसहून अधिक मेंढ्या गेल्या, असा अभ्यासकांचा निष्कर्ष आहे. आपल्याकडे वेगळे काय होते? जंगलाला लागून असलेल्या शेतांतल्या बिनकठड्याच्या विहिरींत बिबटे आणि रोही (नीलगाय) पडतात. शेततळ्यांच्या योजनांतली प्लास्टिकचे अस्तर घातलेली तळी तर प्राण्यांना दिसतात पाण्यासारखी आणि असतात सापळ्यासारखी. निसरड्या प्लास्टिकवरून कोणालाच वर येता येत नाही. जुने टायर जाड दोरात ओवून प्रत्येक तळ्याच्या दोन कोपऱ्यांत काठावरच्या खुंट्याला बांधले तर जनावर त्यावर पाय देऊन निघते. जंगलापासून पाच किलोमीटरच्या आतील शेततळ्याचे अनुदान देताना ही अट घालावी. विहिरीचा कठडा शेतकऱ्याच्या माथी न मारता योजनेतून बांधून द्यावा.

पाणी कमी आणि ठिकाणे मोजकी झाली की विष घालणाऱ्याचे काम सोपे होते. लिटमस कागद सगळीकडे वाटला जातो, पण तो आम्ल-अल्कली सांगतो, कीटकनाशक सांगत नाही. पाण्याजवळ मेलेल्या माश्या, बेडूक, चिमण्या दिसतात का, पाण्याला वास येतो का, काठावर अनोळखी पावले आहेत का, हे पाहणारा माणूस रोज तिथे जायला हवा. मोठ्या पाणवठ्यात स्थानिक लहान मासे सोडले तर विष असल्यास ते आधी मरून सांगतात. मधमाश्या मे महिन्यात पाण्यावर तुटून पडतात आणि उभ्या कडेला बुडतात. काठाला खरखरीत दगड अर्धे बुडतील असे ठेवले की त्या वाचतात. एवढीशी गोष्ट आहे, पण मधमाश्यांवर जंगलातली कित्येक झाडे आणि आमची शेतीही अवलंबून आहे.

जागेबद्दल अगदी कळकळीने. मार्च-एप्रिलमध्ये बायामाणसे पहाटे मोहफुले वेचायला जातात, मे महिन्यात तेंदूपाने तोडायला. पाणवठे याच वाटांवर असले तर वाघ-बिबट आणि माणूस एकाच वेळी एकाच जागी येतात. रस्त्यालगत टँकर सहज पोहोचतो म्हणून तिथेच बशी बांधण्याची पद्धत थांबवावी. जागा ठरवताना ग्रामसभेला मोहाच्या राया आणि तेंदूच्या फड्या (पाने गोळा करण्याच्या जागा) नकाशावर दाखवायला सांगाव्यात. गावाच्या गुरांना गावाकडेच वेगळे पाणी द्यावे. नाहीतर लाळ्या-खुरकत, शेळ्या-मेंढ्यांतला पीपीआर असले रोग एकाच बशीतून जंगलात जातात. गुरांना हाकलून हे होत नाही, त्यांची तहान भागवून होते.

महोदय, आपल्या एका आदेशाने होण्यासारख्या गोष्टी आम्ही मागत आहोत. कॅम्पा (तोडलेल्या जंगलाच्या भरपाईचा निधी), जिल्हा वार्षिक योजना आणि व्याघ्र प्रतिष्ठानांचा पाणवठ्यांचा निधी ३० सप्टेंबरपूर्वी वन परिक्षेत्रापर्यंत पोहोचावा आणि काँक्रीटचे कोणतेही काम १५ जानेवारीनंतर सुरू होऊ नये. प्रत्येक नव्या पाणवठ्यासोबत पाच वर्षांच्या देखभालीची रक्कम त्याच मंजुरीत असावी, आणि त्यातून जवळच्या गावातल्या एका माणसाला मार्च ते जून रोजची मजुरी मिळावी. टँकर राहू द्यावा, पण झिरे आणि टाक्या कमी पडतील तिथेच. बुद्ध पौर्णिमेच्या रात्री आपले कर्मचारी आणि निसर्गप्रेमी पाणवठ्यांवरील मचाणांवर बसतातच. त्या रात्री प्रत्येक पाणवठ्यातली पाण्याची खोली काठीने मोजून प्राण्यांच्या नोंदीच्याच तक्त्यात लिहावी, आणि मचाण नसलेल्या पाणवठ्यांची नोंद त्याच दिवशी वनरक्षकाने करावी. यात एक रुपयाचा जादा खर्च नाही. ते आकडे परिक्षेत्रनिहाय जून महिन्यात जाहीर करावेत, म्हणजे सप्टेंबरचा निधी कुठे द्यायचा हे त्यावरूनच ठरवता येईल.

आपले,
अकोट, धारणी आणि मोताळा तालुक्यांत पाणवठ्यांची कामे करणारे गावकरी