शिबिरांच्या मंडपात प्लेटलेट्सदात्यांची वही ठेवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

ठाण्यात रक्तदान शिबिरांची वानवा नाही. नेत्यांचे वाढदिवस, गणेशोत्सव, पुण्यतिथ्या, प्रत्येक निमित्ताने मंडप पडतो आणि शेकडो पिशव्या जमा होतात. हे काम मोलाचंच आहे. तरीही खारघरच्या टाटा अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग रुग्णालयात रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णाची गरज त्यातून पूर्ण भागत नाही. लाल पेशी शीतपेटीत महिनाभराहून अधिक टिकतात. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवून रक्तस्राव थांबवणाऱ्या पेशी, मात्र खोलीच्या तापमानाला, यंत्रावर सतत हलत्या ठेवल्या तरी साधारण ५ दिवसच. रविवारी रांग लागली म्हणून पुढच्या आठवड्याची सोय होत नाही.

हे मला कळलं ते माझ्या शाळासोबत्याच्या आजारपणात. केमोथेरपीने अस्थिमज्जेचं, म्हणजे हाडांतल्या रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं, काम मंदावलं की हिरड्यांतून रक्त येतं, अंगावर लाल ठिपके उठतात, आणि प्लेटलेट्स फारच उतरल्या तर आतल्या आत रक्तस्रावाची धास्ती असते. त्याच्यासाठी आमच्या वर्गाच्या ग्रुपवर निरोप टाकला की कुणाचा भाचा, कुणाच्या ऑफिसातला मुलगा, कुणी ना कुणी यायचं. शेजारच्या खाटेवर परभणीकडचा विशीतला पोरगा होता. सोबत फक्त मामा, आणि त्या मामाचंच हिमोग्लोबिन कमी. मुंबईत त्याने आणखी कुणाला हाक मारायची? माझा मित्र मला म्हणाला, “अरे, माझ्यासाठी येतायत त्यांतला एक जण त्याला दे ना.” रक्तगट जुळत होता, म्हणून ते जमलं.

मित्र गेला. नंतर मी कर्करोगग्रस्तांसाठी झटणाऱ्या एका संस्थेत जाऊ लागलो. साठी उलटल्यामुळे मला स्वतःला प्लेटलेट्स देता येत नाहीत, म्हणून दाते शोधून त्यांना फोन करणं हे माझं काम. फोनवर सगळ्यात जास्त ऐकू येते ती भीती: अशक्तपणा येईल, महिनाभर उठवणार नाही. खरं तर यंत्र रक्तातून प्लेटलेट्स काढून घेतं आणि उरलेलं रक्त त्याच वेळी परत शरीरात सोडतं. सुई-नळ्यांचं किट नवं असतं आणि एकदाच वापरतात. तास-दीड तास लागतो. काहींच्या ओठांना मुंग्या येतात, त्यावर कॅल्शियमची गोळी देतात. दिलेल्या प्लेटलेट्स काही दिवसांत भरून येतात, त्यामुळे पुन्हा देण्यासाठी रक्तदानासारखं ३-४ महिने थांबावं लागत नाही. वजन ५० किलोच्या वर हवं, शीर चांगली हवी आणि आधीच्या ३ दिवसांत अ‍ॅस्पिरिन घेतलेली नसावी. बाकीची तपासणी रक्तपेढी करतेच.

दुसरी अडचण वेळेची, आणि ती खरी आहे. गरज कामाच्या दिवशी उभी राहते. ठाण्याहून पनवेल लोकलने खारघर गाठायचं, पुढे रिक्षा, मग तपासणी. अर्धा दिवस जातोच. ऐरोली, महापे, वागळे इस्टेटमधल्या कंपन्यांनी यासाठी कर्मचाऱ्यांना अर्ध्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्यावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. मे महिन्यात आणि दिवाळीत दाते गावाला जातात, पण केमोचं वेळापत्रक कुणाच्या सुट्टीसाठी थांबत नाही. पावसाळ्यात डेंग्यूमुळे प्लेटलेट्सची मागणी आणखी वाढते.

घोडबंदर रोडवरच्या गृहसंकुलांना आणि आपल्या मंडळांना माझं एवढंच सांगणं आहे: यंदाच्या शिबिरात रक्तदानाच्या टेबलाशेजारी एक वही ठेवा. नाव, रक्तगट, फोन आणि कोणत्या वारी येता येईल, एवढं त्यात लिहून घ्या. तिची एक प्रत जवळच्या कर्करोग रुग्णालयाच्या रक्तपेढीत पोचवा, आणि दर सहा महिन्यांनी फोन करून नावं ताजी ठेवायला संकुलातल्या एकाला नेमा.

आपला,
एक ज्येष्ठ वाचक, नौपाडा, ठाणे (प.)