वागळे इस्टेटमधल्या काकांना

काका, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुम्हाला ते आवडणार नाही. मे महिन्यात तीन केव्हीएचा जुना अल्टरनेटर टेम्पोत घालून तुमच्या गाळ्यावर आला होता, तो मी.

बाबांना दिवसाचे सोळा तास ऑक्सिजनचं मशीन लागतं. बाळकुमच्या आमच्या बैठ्या घरात वीज गेली की इन्व्हर्टर दोन-अडीच तासांत मान टाकतो. १२ ऑक्टोबर २०२० ला मुंबई-ठाण्याची वीज गेली तेव्हा बाबा धडधाकट होते, अंगणात खुर्ची टाकून बसले होते. आता तसं झालं तर काय, या विचाराने मला झोप लागत नव्हती. अल्टरनेटर मामांच्या बंद पडलेल्या गिरणीतून मिळाला. तो फिरवला की वीज तयार होते, पण फिरवायला इंजिन हवं होतं. एका दुकानदाराने मोटारसायकलचं इंजिन स्वस्तात लावून देतो म्हणून सांगितलं होतं आणि मी विसार द्यायला निघालो होतो.

तुम्ही इंजिनाचं नावही काढलं नाहीत. अल्टरनेटरच्या पाटीवरचं ग्रीस अंगठ्याने पुसलंत आणि मला वाचायला लावलंत: १५०० आरपीएम. मग खडूने फरशीवर हिशोब मांडलात. मिनिटाला १५०० म्हणजे सेकंदाला २५ फेरे, चुंबकाचे चार पोल म्हणजे दोन जोड्या, पंचवीस दुणे पन्नास. घरातली वीज ५० हर्ट्झची, म्हणून फेरे हलता कामा नयेत. मोटारसायकलचं इंजिन खरी ताकद दाखवतं सात-आठ हजारांवर, आणि लोड वाढला की आपणहून इंधन वाढवणारा गव्हर्नर त्याला नसतो. "बाबांच्या मशीनमध्ये कॉम्प्रेसर आहे रे, त्याला डुगडुगती वीज द्यायची नाही," म्हणालात.

मग मी दहा एचपीचं डिझेल घेतो म्हटलं, जास्तीचं असलेलं बरं. त्यालाही तुम्ही नाही म्हणालात. घरातल्या वस्तू एकेक विचारल्यात: मशीन साडेतीनशे वॉट, फ्रिज, तीन पंखे, दिवे, अर्ध्या एचपीचा पंप. मोठं डिझेल सतत हलक्या लोडवर फिरलं की नीट तापत नाही, अर्धवट जळलेलं डिझेल नि काजळी सायलेन्सरमध्ये साचते. किलोवॉटला साधारण दोन एचपी धरायचे. तीन केव्हीए म्हणजे ०.८ पॉवर फॅक्टरने (केव्हीएतला प्रत्यक्ष कामाला येणारा हिस्सा) २.४ किलोवॉट, सहा एचपीचं, १५०० आरपीएमचं, शेतीपंपाला लावतात तसं एका सिलिंडरचं इंजिन पुरे. ते शोधायला तुम्ही रविवारी माझ्याबरोबर मुरबाडला आलात. इंजिन चालू करून शंभर वॉटचे दिवे एकेक पेटवत गेलात आणि माझं बोट धरून गव्हर्नरच्या दांडीला लावलंत. प्रत्येक दिव्याला ती दांडी बोटाखाली जराशी सरकायची, इंजिनाचा आवाज मात्र होता तसाच. तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

मी जनरेटर मागच्या खोलीत ठेवणार होतो, पावसात भिजू नये म्हणून. त्यावर तुम्ही जे ओरडलात, तसं मला कुणी ओरडलं नव्हतं. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. तुम्ही तो परसात पत्र्याखाली, बाबांच्या खिडकीपासून लांब बसवायला लावलात. चेंजओव्हर स्विचशिवाय, म्हणजे घराला एका वेळी एकतर लाइन नाहीतर जनरेटर जोडणाऱ्या स्विचशिवाय तर तुम्ही वायरच जोडू दिली नाहीत. आपली वीज उलटी लाइनवर गेली तर खांबावर चढलेल्या माणसाच्या जिवावर बेतेल म्हणून.

जुलैत एका रात्री दहा वाजता वीज गेली, ती पहाटे पाचला आली. तुम्ही सांगितलं तसं केलं. बाबांना पाच मिनिटं ऑक्सिजनचा सिलिंडर लावला, आधी पंप सुरू केला, तो लयीत आल्यावर मशीन. बाबा रात्रभर झोपले. मी परसात छत्री घेऊन इंजिनाजवळ बसलो होतो, आणि काका, मला सारखी तुमची आठवण येत होती.

मजुरीचे पैसे तुम्ही घेतले नाहीत. येत्या रविवारी काकूंना घेऊन घरी या. आई तांदळाच्या भाकऱ्या करणार आहे, आणि बाबांना तुम्हाला एकदा समोर बघायचंय.

तुमचा,
बाळकुमचा मुलगा